चार गीगाबाइटांचा संसार

(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या वर्षीं आमच्या मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा योग आला. अशा प्रसंगीं कोणी शालजोडी आणतो, कोणी अन्नदान करतो. आमच्या मुलीनें निराळाच बेत आंखला. आजीनें तिला लहानपणीं सांगितलेल्या गोष्टींपैकीं बारा गोष्टी तिनें लिहून काढल्या, आणि त्यांची सचित्र पुस्तिका छापून त्या दिवशीं आप्तेष्टांस वांटावी असें तिच्या मनांत आलें. गोष्टी लिहून झाल्या. चित्रें कोण काढणार? आमच्या घरांत कुंचला धरणारें कोणी नाहीं, आणि चित्रकारास त्याच्या श्रमाचें योग्य मोल देण्याइतकी ऐपत त्या वेळीं नव्हती. तेव्हां माझा पुतण्या पुढें होऊन म्हणाला, "काका, चित्रें मी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घेतों, तींहि आपल्याच संगणकावर."

संगणक घरांत होता, पण तो सहा वर्षांचा जुना. त्यांतील ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी ४ गीगाबाइट. पुतण्यानें लागणारी फाईल उतरवून घेतली, पहिल्या गोष्टींतील म्हातारीचें वर्णन लिहिलें आणि कळ दाबली. पंखा घोंघावला, आणि क्षणभरानें पडद्यावर चित्राऐवजीं एक ओळ उमटली: मेमरी संपली. त्यानें पुन्हा कळ दाबली. पुन्हा तीच ओळ. रात्रीं जेवतांना तो म्हणाला, "काका, हें कार्ड फारच लहान आहे. नवें घेतल्याशिवाय गत्यंतर नाहीं."

नव्या कार्डाची किंमत ऐकून माझा घांस हातांतच राहिला. घरांत तेवढी शिल्लक रक्कम एकच होती, आणि ती मातोश्रींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं बाजूला काढलेली. तिला हात लावावा असें कोणी म्हणालें नाहीं. पण दुसरी रक्कम नाहीं, हेंहि सर्वांना ठाऊक होतें. कार्यास एक महिना उरला होता. त्या महिन्यांत पुतण्यानें, आणि त्याच्या शेजारीं बसून मीं, जें समजून घेतलें तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असाच एखादा उतारवयाचा संगणक असेल, आणि घरांतील मुलांनीं असाच हट्ट धरला असेल. पैसे काढण्यापूर्वीं एवढें बोलणें ऐकून घ्यावें, इतकीच विनंती.

प्रथम ही मेमरी म्हणजे काय तें पाहूं. संगणकांत मेमरी एकच नसते. एक असते ती सर्वसाधारण कामाची; दुसरी ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरच बसविलेली असते, तिला व्हीरॅम म्हणतात. मुंबईच्या चाळींत ज्यांनीं एका खोलींत संसार केला आहे, त्यांना हा भेद फारसा समजावून सांगावा लागणार नाहीं. स्वयंपाकाचें सामान फळीवर, पलंगाखालीं, माळ्यावर, कोठेंहि असूं शकतें. पण चिरणें, लाटणें, शिजविणें जें काय होतें तें ओट्यावर. व्हीरॅम हा तो ओटा. सर्वसाधारण मेमरी ही हाताशीं असलेली फळी. आणि जेथें फाइली कायमच्या राहतात ती डिस्क म्हणजे माळा. ग्राफिक्स कार्ड एकाच वेळीं हजारों आंकड्यांचे गुणाकार करूं शकतें, म्हणून चित्राचें काम त्याच्याकडे सोंपवितात. परंतु त्याचें काम झपाट्यानें होतें तें ओट्यावर मांडलेल्या आंकड्यांपुरतेंच. आमचा ओटा ४ गीगाबाइटांचा होता, आणि त्यांतीलहि थोडा कोपरा पडद्यावर उघडलेल्या खिडक्यांनीं आधींच अडविला होता.

आतां या ओट्यावर काय काय मांडावें लागतें? आम्हीं वापरली ती पद्धति 'स्टेबल डिफ्यूजन' या नांवानें प्रसिद्ध आहे. जर्मनींतील म्यूनिकच्या विद्यापीठांतील संशोधकांचा एक गट, आणि रनवे व स्टॅबिलिटी एआय या दोन कंपन्या, यांच्या सहकार्यानें ती तयार झाली. आणि २२ ऑगस्ट २०२२ रोजीं कोणासहि उतरवून घेतां येईल अशा रीतीनें ती खुली करण्यांत आली. तिचें तत्त्व प्रथम ऐकतांना विचित्र वाटतें. रेडिओची सुई दोन केंद्रांच्या मध्यें ठेवली असतां जी खरखर कानीं येते, तशीच डोळ्यांना दिसणारी खरखर, म्हणजे अर्थहीन ठिपक्यांचा पसारा, येथें आरंभीं घेतात. शिकवितांना या यंत्राला कोट्यवधि चित्रें दाखविलेलीं असतात. त्यांवर कमीअधिक खरखर मिसळून, 'यांतील खरखर कोणती तें ओळख' असा अभ्यास त्याच्याकडून करून घेतलेला असतो. मग आपण 'विहिरीपाशीं बसलेली म्हातारी' असें सांगितलें, कीं त्या वर्णनाचा मागोवा घेत तें यंत्र वीस-तीस पायऱ्यांनीं खरखर काढीत जातें, आणि शेवटीं म्हातारी व विहीर शिल्लक राहतात.

येथेंच एक गोष्ट माझ्या मनांत भरली. साधें चौकोनी चित्र घेतलें, ५१२ बिंदु रुंद आणि ५१२ बिंदु उंच, आणि प्रत्येक बिंदूचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन आंकडे धरले, तर एकूण ७,८६,४३२ आंकडे होतात. वीस-तीस वेळां एवढा पसारा घुसळावयाचा म्हणजे मोठमोठ्या यंत्रांचें काम. या संशोधकांनीं युक्ति केली ती अशी: चित्र प्रथम एका लहान सांकेतिक नकाशांत मिटून ठेवावयाचें, ६४ घरें रुंद, ६४ घरें उंच, आणि प्रत्येक घरांत चार आंकडे, म्हणजे अवघे १६,३८४ आंकडे. खरखर काढण्याचें सारें काम या नकाशावर करावयाचें, आणि अगदीं शेवटीं तो नकाशा उलगडून पूर्ण चित्र करावयाचें. पसारा एकदम अठ्ठेचाळिसाव्या हिश्शावर आला. घरगुती संगणकावर हें काम होऊं लागलें तें मुख्यतः या युक्तीमुळें. तेव्हां काटकसर ही गरिबीनें या विद्येवर लादलेली अट आहे असें कोणीं समजूं नये; ती तिच्या जन्माबरोबरच आलेली आहे.

या यंत्राचे पोटांत तीन कामकरी आहेत. पहिला वाचक, तो आपलें वाक्य वाचून त्याचें आंकड्यांत रूपांतर करतो. दुसरा चित्रकार, तो पायरीपायरीनें खरखर काढतो. तिसरा उलगडणारा, तो त्या लहान नकाशाचें मोठें चित्र करतो. प्रत्येकाचें ज्ञान म्हणजे शिकतांना ठरलेल्या आंकड्यांचा सांठा होय. पहिल्या आवृत्तींत वाचकाजवळ सुमारें १२ कोटी ३० लाख आंकडे, चित्रकाराजवळ ८६ कोटी, आणि उलगडणाऱ्याजवळ ८ कोटी ४० लाख. एकूण सुमारें १०७ कोटी. पूर्ण अचूकतेनें लिहावयाचा तर एकेक आंकडा ४ बाइट जागा घेतो. म्हणजे झाले सव्वाचार अब्ज बाइटांहून थोडे अधिक. आणि आमच्या ४ गीगाबाइटांच्या ओट्याचें माप जवळजवळ तेवढेंच. तिघांचीं बोचकीं मांडतांच ओटा कांठोकांठ भरला; लाटावयास जागाच राहिली नाहीं. पडद्यावर उमटलेली ती ओळ म्हणजे यंत्राचा रुसवा नव्हता; ती साधी बेरीज होती. हें कळलें त्या दिवशीं आमच्या घरांतील निम्मी निराशा गेली.

बेरीज चुकते तेथें दोनच मार्ग: जमा वाढवावी किंवा खर्च नीट लावावा. आम्हीं दुसरा धरला. त्यासाठीं जे उपाय केले ते ज्या क्रमानें करावेत त्याच क्रमानें सांगतों.

पहिला उपाय ओटा पुसून घेण्याचा. चित्र काढतांना इतर सर्व खिडक्या बंद कराव्या, कारण त्याहि त्याच मेमरींत राहतात. एका वेळीं एकच चित्र मागावें. चार एकदम मागितलीं तर पसाराहि वाढतो. ज्या संगणकाच्या मुख्य प्रोसेसरांत पडदा चालविण्याची स्वतंत्र सोय असेल, तेथें पडद्याची तार तिकडे जोडली कीं कार्ड चित्रासाठीं मोकळें राहतें.

दुसरा उपाय वजनमापाचा. सोनाराला गुंजेचा हिशेब लागतो. बटाटे त्या काट्यावर तोलीत नाहींत. या १०७ कोटी आंकड्यांपैकीं बहुतेकांस सोनाराच्या काट्याची गरज नसते. प्रत्येक आंकडा ४ बाइटांऐवजीं २ बाइटांत लिहिला तरी चित्रांत डोळ्यांस फरक दिसत नाहीं, आणि सारा भार दोन गीगाबाइटांच्या आसपास येतो. यास अर्धी अचूकता म्हणतात. यांत एक खोंच आहे ती सांगितली पाहिजे. अर्ध्या अचूकतेच्या रूपांत ६५,५०४ पेक्षां मोठा आंकडा मावत नाहीं. हिशेबाच्या ओघांत एखादा आंकडा त्याच्या पलीकडे गेला, कीं पुढचें सगळें गणित निरर्थक होतें, आणि चित्र निव्वळ काळें येतें. आम्हांला पहिल्या दिवशीं लागोपाठ तीन काळीं चित्रें मिळालीं. मातोश्री म्हणाल्या, "माझ्या मोतीबिंदूमुळें मला दिसत नाहीं असें समजूं नका, यांत कांहींच नाहीं." उपाय सोपा निघाला. तिसऱ्या कामकऱ्यास, म्हणजे उलगडणाऱ्यास, तेवढी पूर्ण अचूकता परत दिली. त्याचा भार मुळांतच थोडा. ४ बाइटांच्या हिशेबानेंहि तो गीगाबाइटाचा तिसरा हिस्साच भरतो. कांहीं कार्डांवर चित्रकारासहि पूर्ण अचूकता द्यावी लागते. पण तो प्रसंग आमच्यावर आला नाहीं.

तिसरा उपाय पाळीचा. पुरणपोळीचा स्वयंपाक लहान ओट्यावर कसा होतो? डाळ शिजली कीं शेगडी मोकळी करतात. पुरण वाटून झालें कीं पुरणयंत्र धुऊन फळीवर जातें. मग तवा चढतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळीं ओट्यावर लागत नाहींत. येथें तसेंच आहे. वाचकाचें काम आरंभीं एकदांच; तें झालें कीं त्यास फळीवर पाठवावें आणि चित्रकारास बोलवावें. चित्रकाराचें काम संपलें कीं त्यानें जावें आणि उलगडणाऱ्यानें यावें. प्रचलित आज्ञावलींत ही सोय तयार असते. कांहींत ती 'मीडव्हीरॅम' या नांवानें आढळते. त्याहून कठीण प्रसंग असेल तर चित्रकाराचें बोचकेंहि एकदम न आणतां थोडें थोडें आणतां येतें. त्यास 'लोव्हीरॅम' म्हणतात. ओटा अगदींच लहान असला तरी चालतें. मात्र फळीकडे खेपा फार होतात.

चौथा उपाय समजावयास थोडा कठीण, पण सर्वांत मोलाचा. चित्रकार काम करतो तेव्हां त्या ६४ गुणिले ६४, म्हणजे ४,०९६ घरांपैकीं प्रत्येक घर दुसऱ्या प्रत्येक घराची विचारपूस करतें: तुझ्याजवळ म्हातारीचा हात आहे काय, मग माझ्याजवळ तिची काठी असावी काय? लग्नघरीं प्रत्येक पाहुण्यानें प्रत्येकास भेटावें तसा हा प्रकार. ४,०९६ पाहुण्यांच्या भेटी होतात १,६७,७७,२१६. आणि अशा भेटींचे आठ निरनिराळे तक्ते, तेहि दोनदां, कारण वर्णन लक्षांत घेऊन एकदां आणि न घेतां एकदां असा दुहेरी हिशेब चालतो. अर्ध्या अचूकतेनेंहि या तक्त्यांना सुमारें अर्धा गीगाबाइट लागतो. आतां चित्राची रुंदी व उंची दुप्पट करा. घरें होतात चौपट, पण भेटी होतात सोळापट. आणि तक्त्यांचा भार जातो साडेआठ गीगाबाइटांवर. मोठें चित्र मागतांच यंत्र कां कोसळतें, याचें उत्तर या सोळापटींत आहे. उपाय असा कीं, सगळ्या भेटींची वही एकदम मांडावयाचीच नाहीं. थोड्या पाहुण्यांच्या भेटी उरकाव्या, त्यांचें सार टिपून घ्यावें, पान फाडून टाकावें आणि पुढच्यांस बोलवावें. उत्तर तेंच येतें. जागा फार थोडी लागते. २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत या रीतीवर महत्त्वाचें संशोधन प्रसिद्ध झालें, आणि आतां बहुतेक आज्ञावली ती आपण होऊनच वापरतात.

पांचवा उपाय आकाराचा. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें येथें अक्षरशः खरें आहे. आमच्या चित्रकाराचें शिक्षण मुख्यतः ५१२ बिंदूंच्या चौकोनावर झालेलें. त्याच्याकडून दुप्पट मोठें चित्र एकदम काढविलें, तर मेमरी पुरली तरी त्याची बुद्धि पुरत नाहीं. एका म्हातारीला दोन तोंडें फुटतात, आकाशांत दोन सूर्य उगवतात. म्हणून चित्र लहानच काढावें, आणि मनासारखें झाल्यावर तुकड्यातुकड्यांनीं मोठें करावें. उलगडण्याचें कामहि तुकड्यांनीं करतां येतें, आणि तें करावेंच. कारण सर्व पायऱ्या निर्विघ्न पार पडून अगदीं शेवटच्या क्षणीं, उलगडतांना, मेमरी संपल्याची ओळ आमच्या नशिबीं दोनदां आली. तुकड्यांच्या सांध्यावर रेघ दिसूं नये म्हणून ते एकमेकांवर थोडे चढवून घ्यावे लागतात, शिंपी कापडाला दाब ठेवतो तसे.

एवढें केल्यावर आमच्या त्या जुन्या यंत्रानें चित्र दिलें. एकास दोन मिनिटें लागत, कधीं तीन. आणि येथें मला प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं, ही काटकसर फुकट मिळत नाहीं. जागेची बचत वेळेनें भरून द्यावी लागते. आमच्यासारख्या कार्डांत व्हीरॅममधून सेकंदास सुमारें १२८ गीगाबाइट आंकडे उचलतां येतात. फळीवरून ओट्यावर येण्याचा मार्ग मात्र सेकंदास सुमारें १६ गीगाबाइटांचा. आठपट अरुंद वाटेनें खेपा घालावयाच्या म्हणजे उशीर व्हावयाचाच. २०२३ पासून कांहीं कार्डांच्या ड्रायव्हरांत अशी सोय आली कीं, ओटा भरला तर यंत्र तक्रार न करतां उरलेलें सामान मुकाट्यानें फळीवर ठेवतें. ही सोय फसवी ठरूं शकते. ओळ उमटत नाहीं, पण दोन मिनिटांचें काम वीस मिनिटें रेंगाळतें, आणि मनुष्य समजतो कीं यंत्र बिघडलें. अशा वेळीं कार्डाच्या मेमरीचा वापर किती झाला हें दाखविणारें कोष्टक उघडून पाहावें. तें कांठोकांठ भरलेलें असेल तर आकार कमी करावा.

आणखी एक गैरसमज येथेंच दूर करतों. पुष्कळ लोक मेमरी पुरेना म्हणून पायऱ्या कमी करतात. तिसांच्या दहा पायऱ्या केल्यानें वेळ वांचतो. मेमरी वांचत नाहीं, कारण प्रत्येक पायरीस लागणारी जागा तीच असते. २०२३ सालीं एक ते चार पायऱ्यांत चित्र पुरें करणारीं मॉडेलें निघालीं. तीं वेळेवरचें औषध आहेत, जागेवरचें नव्हे. रोग कोणता हें न पाहतां औषध घेतलें म्हणजे पैसा आणि धीर दोन्ही जातात.

नवीं मॉडेलें याहून फार मोठीं आहेत, हें खरें. ऑगस्ट २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'फ्लक्स' या मॉडेलाच्या चित्रकाराजवळ सुमारें १,२०० कोटी आंकडे आहेत. २ बाइटांच्या मापानें त्यास २४ गीगाबाइट लागतात. पण तेथेंहि तोच काटा कामीं येतो: एक बाइट केला तर १२, अर्धा बाइट केला तर ६ गीगाबाइट. अर्ध्या बाइटांत अवघ्या सोळा किंमती मावतात. म्हणून आंकड्यांचे लहान लहान गट पाडून प्रत्येक गटाचें माप निराळें ठेवतात. चित्र थोडें ओबडधोबड होतें, पण होतें. यावरून नवें कार्ड कोणीं घेऊंच नये असें मात्र मी म्हणत नाहीं. ज्याचा व्यवसायच चित्रांचा आहे, ज्याच्या दिवसाच्या तासांस मोल आहे, त्यानें मोठा ओटा अवश्य बांधावा. बारा चित्रांसाठीं एका गृहस्थानें तो बांधावा काय, एवढाच माझा प्रश्न होता.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठीं? दूरच्या मोठ्या यंत्रांकडे वाक्य पाठविलें कीं चित्र क्षणांत येतें. येतें खरें. पण आमच्या पुस्तिकेंतील दोन चित्रें मातोश्रींच्या तरुणपणींच्या फोटोंवरून करावयाचीं होतीं. ते फोटो घराबाहेर पाठवूं नयेत अशी त्यांची इच्छा. त्यांनीं कारण सांगितलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं. घरच्या यंत्रावर फाईल एकदां उतरवून घेतली कीं पुढें इंटरनेटची तार काढून ठेवली तरी काम चालतें. पुतण्यानें ती खरोखरच काढून त्यांच्या हातांत दिली, आणि फोटोंचें काम संपेपर्यंत त्या ती मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

आतां शेवटची गोष्ट. बारांपैकीं अकरा चित्रें तीन आठवड्यांत झालीं. बारावी गोष्ट होती पाट्यावर चटणी वाटणाऱ्या एका सुनेची. पुतण्यानें प्रथम 'पाटा-वरवंटा' असें मराठींत लिहिलें. यंत्रानें डोंगर काढला. त्याचें कारण पुढें कळलें. या यंत्राच्या वाचकाचें शिक्षण मुख्यतः इंग्रजी मथळे असलेल्या चित्रांवर झालेलें असल्यामुळें देवनागरी अक्षरें त्यास बहुतेक अर्थहीन असतात. मग त्यानें इंग्रजींत वर्णन केलें. यंत्रानें एकदां सुऱ्यांस धार लावण्याचें चाक काढलें, एकदां खलबत्ता काढला, आणि एकदां एका सपाट दगडावर दुसरा दगड उभा करून ठेवला. तें चित्र मातोश्रींस दाखविलें. त्या म्हणाल्या, "अरे, यावर वाटायला बसलें तर बोटें चेचतील."

पुतण्या पुन्हा मेमरीचे आंकडे तपासूं लागला. त्याला वाटलें, कोठें तरी काटकसर अधिक झाली. मींहि तसेंच समजलों होतों. म्हणून त्यानें एका मित्राच्या घरीं, आमच्या सहापट मेमरी असलेल्या संगणकावर, तेंच मॉडेल आणि तेंच वर्णन चालवून पाहिलें. चित्र दहा सेकंदांत आलें, आणि त्यांतहि चाकच होतें. तेव्हां आम्हांला कळलें कीं दोन निरनिराळ्या उणीवा आम्ही एक समजत होतों. ओटा लहान असणें ही एक उणीव. ती मांडणीनें भरून काढतां येते. ज्यानें पाटा नीटसा पाहिलाच नाहीं, त्याला तो काढतां न येणें ही दुसरी. तिच्यावर मोठ्या ओट्याचा कांहीं उपयोग नाहीं. आपल्या घरांतील वस्तु, त्यांचीं नांवें, त्यांचे आकार कोणीं चित्रांत आणि शब्दांत मांडून ठेवले तरच पुढचें यंत्र तीं शिकणार. तें काम विकत मिळणाऱ्या कोणत्याहि कार्डांत नाहीं.

आमच्या दाराआड एक जुना पाटा उभा करून ठेवलेला आहे. मुलीनें तो आडवा केला, समोर बसून पेन्सिलीनें त्याचें चित्र काढलें, आणि बारावें चित्र म्हणून तेंच छापलें. मातोश्रींची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशीं झाली होती. कार्याच्या सकाळीं त्यांनीं पुस्तिका हातांत घेतली आणि पानें उलटीत शेवटच्या चित्राशीं थांबल्या. मुलगी शेजारीं उभी होती. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "वरवंटा जरा बारीक झाला ग." मग पुन्हा पहिल्या पानावर गेल्या आणि गोष्ट वाचूं लागल्या.

तेव्हां श्रोतेहो, आपल्या घरच्या यंत्रानें मेमरी संपल्याची ओळ दाखविली, तर तिजोरीची किल्ली शोधण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करा: कामकरी किती, त्यांचा भार किती, आणि एका वेळीं ओट्यावर खरोखर कोण लागतो. मुलांस जवळ बसवून करा. आमच्या घरीं त्या बेरजेनें शस्त्रक्रियेची रक्कम जागच्या जागीं राहिली. आणि पुतण्या आतां दाराआडच्या वस्तूंचे फोटो काढून त्यांखालीं मराठी नांवें लिहीत असतो. काल तो मला विचारीत होता, रवीला ज्या दोरीनें ओढतात तिला काय म्हणतात. मला आठवेना. मातोश्रींस विचारावें लागलें.